फोटोला मिशा कोणी काढल्या, ते शोधू नका

प्रश्न: सातपूरला आमचा सीएनसी जॉबवर्कचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट करून देण्याचा कारखाना आहे. कायम आणि कंत्राटी मिळून ४२ माणसं, तीन पाळ्या, गाड्यांचे टर्निंगचे पार्ट. दोन वर्षांपूर्वी वडिलांकडून कारभार माझ्याकडे आला. जानेवारीपासून मी ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ सुरू केलं. गेटजवळ फोटो, सर्टिफिकेट आणि २,००० रुपये. निवड महिन्याच्या प्रॉडक्शनच्या आकड्यावरून. पहिले दोन-तीन महिने सगळ्यांना मजा वाटली. मग त्याच तिघांची नावं येऊ लागली, कुरबुर झाली, म्हणून मी पाळीपाळीने द्यायला सुरुवात केली. गेल्या महिन्यात कोणीतरी फोटोला पेनाने मिशा काढल्या. पण मनाला लागलं ते वेगळंच. ११ वर्षं आमच्याकडे असलेले सेटर, म्हणजे प्रत्येक पार्टसाठी मशीन जुळवून देणारे, आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचं नाव पुकारलं, तर ते पुढे आलेच नाहीत. आता ‘दुसरीकडे बघतोय’ असं त्यांनी सुपरवायझरच्या कानावर घातलंय. रक्कम ५,००० करू, की योजनाच बंद करू?
– एक उद्योजिका, नाशिक

उत्तर: बंद करा. रक्कम वाढवलीत तर मिशांच्या जोडीला दाढीही येईल. आणि हो, मिशा कोणी काढल्या याचा शोध घेऊ नका, सीसीटीव्ही तर मुळीच तपासू नका. त्यात खोडी थोडी आहे आणि अभिप्राय जास्त, तोही फुकट मिळालेला.

४२ माणसं आणि वर्षाला १२ सत्कार. म्हणजे महिन्यातून एकाच्या पाठीवर थाप, आणि उरलेल्या ४१ जणांना रोज गेटमधून येता-जाता ‘तू नाहीस’ ही आठवण. कुरबुर झाल्यावर तुम्ही पाळी लावलीत, तेव्हा उरलीसुरली किंमतही गेली. पाळीने मिळणारा मान म्हणजे रेशनची रांग. आज ना उद्या नंबर लागणारच, मग कामाशी त्याचा संबंध काय? मामा पुढे आले नाहीत याचं कारण बहुधा इथेच आहे. त्यांना ठाऊक होतं की त्या महिन्यात त्यांनी काय केलं म्हणून नव्हे, तर त्यांचा नंबर आला म्हणून नाव पुकारलं गेलं.

निवडीचा निकषही मुळात चुकला होता. ज्याच्या मशीनवर लांब बॅच चालते, पार्ट सोपा आणि सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, ४० सेकंदांचा, त्याचे नग जास्तच निघणार. ज्याच्या मशीनवर दिवसातून दोनदा सेटिंग बदलतं त्याने जीव ओतला तरी आकडा कमीच दिसेल. सेटर, मेन्टेनन्सवाला, तपासणीला बसणारी मुलगी, चिप्स उचलणारा हेल्पर, यांच्या नावावर तर नगच लागत नाहीत. ते शर्यतीत उतरणार कुठून? त्यांच्यासाठी ही योजना म्हणजे कोपराला लावलेला गूळ.

बरं, ज्यांना जिंकायचं असतं ते काय करतात? दर दहाव्या नगाला गेज लावायचं ते तिसाव्याला लावतात. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, धार गेली तरी आणखी पन्नास नग ओढतात. बाद नग लाल बिनमध्ये न टाकता ट्रॉलीच्या तळाशी सरकवतात. जाता जाता सेटिंग अर्धवट सोडतात, म्हणजे ती कटकट पुढच्या पाळीच्या बोकांडी. आम्ही आरोप करत नाही, पण जानेवारीपासूनचं रिजेक्शन आणि इन्सर्टचा खप मशीनवार काढा आणि विजेत्यांच्या यादीशेजारी ठेवून बघा. कागद अर्ध्या तासात तयार होईल, आणि योजना का बंद करतोय हे सुपरवायझरला समजावताना कामाला येईल.

हे फक्त तुमच्याकडे झालं असंही नाही. अमेरिकेतल्या काही औद्योगिक लॉन्ड्रींपैकी एकीत वेळेवर येणाऱ्यांसाठी बक्षीस ठेवलं होतं. महिनाभर एकही खाडा नाही, एकदाही उशीर नाही, अशांच्या नावांची सोडत आणि विजेत्याला गिफ्ट कार्ड. २०१६ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात दिसलं ते असं: काही जण बक्षिसापुरते वेळेवर येऊ लागले, उशीर होणार असं दिसलं की आजारी असल्याचं कळवून मोकळे होऊ लागले. आणि जी माणसं आधीपासून बक्षिसाविना वेळेवर येत होती, त्यांचंच काम मंदावलं. एकूण उत्पादकता सव्वा-दीड टक्क्याने घसरली. जे मी न सांगता करत होतो त्याला तुम्ही भाव लावलात, आणि तोही सोडतीने, असा तो रोष असतो.

‘शून्य अपघात’ हे बक्षीस याच जातीचं. उद्या कोणी सुचवलं तर नाही म्हणा. बोट कापलं तरी माणूस रुमाल गुंडाळून काम करत राहतो, कारण नोंद झाली की सगळ्या पाळीचं बक्षीस बुडतं आणि शिव्या त्याला बसतात. सुरक्षेबद्दल कौतुक करायचंच असेल तर थोडक्यात टळलेला अपघात स्वतःहून येऊन सांगणाऱ्याचं करा.

आता एक अप्रिय काम, आणि ते कौतुकाच्या आधी करायचं. हजेरी आणि पगाराची रजिस्टरं घेऊन बसा. ओटी (ओव्हरटाइम) दुप्पट दराने लागतोय का? पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत होतोय का? किमान ८.३३ टक्के बोनस हिशेबाचं वर्ष संपल्यापासून ८ महिन्यांत, म्हणजे मार्चअखेरचं वर्ष असेल तर नोव्हेंबर संपायच्या आत, मिळतोय का? हे सगळं कायद्याने देणं आहे. ते ‘दिवाळी भेट’ म्हणून स्टेजवरून वाटलं की माणसं मनात हसतात. ड्रायफ्रूटचा डबा बोनसच्या जागी तर कधीच नको. पाण्याचा कूलर, संडास आणि तिसऱ्या पाळीचा चहा हेही याच यादीत घ्या. कूलर आठवडाभर बंद असताना दिलेल्या सर्टिफिकेटचं काय होतं, ते सांगायला नको.

मामांशी मात्र याच आठवड्यात बोला. केबिनमध्ये बोलावून नाही. पाळी बदलताना त्यांच्या मशीनपाशी जा. जाण्याआधी दोन गोष्टी पाहून ठेवा. पहिली म्हणजे पगार. ११ वर्षांचा सेटर आणि दोन वर्षांचा ऑपरेटर यांच्यात तुमच्याकडे फरक किती आहे? ओटी धरून ऑपरेटर त्यांच्या जवळपास पोचत असेल तर शाल-श्रीफळाने काहीही होणार नाही. तो फरक आधी दुरुस्त करा आणि त्याला बक्षीस म्हणू नका, पगारवाढच म्हणा. दुसरी गोष्ट म्हणजे मामांचं काम. सेटरचं काम चांगलं झालं की काहीच घडत नाही. पहिला नग पास होतो, मशीन चालू राहतं, फोन येत नाही. म्हणूनच ते दिसत नाही. गेल्या वर्षभराची सेटअपची नोंद काढा. कोणत्या पार्टचं सेटिंग दोन तासांवरून सव्वा तासावर आलं? नवीन पार्टच्या किती ट्रायल त्यांच्या हातून पहिल्या खेपेत पास झाल्या? नोंदच नसेल, तर मामा का नाराज आहेत याचं अर्धं उत्तर तुमच्या हातात आलं.

मग बोला. ‘मामा, त्या दिवशी नाव पुकारलं ती माझी चूक झाली, तुम्हाला न विचारता पुकारलं. हा कागद बघा, ही तुमची वर्षभराची सेटिंगं. यातलं किती तुमच्यामुळे झालंय ते मला आत्ता कळलं.’ एवढं बोलून थांबा. ते काय म्हणतात ते ऐका. पाच मिनिटं गप्प बसले तरी तुम्ही भरभरून बोलायला लागू नका, हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे मालक त्यांनी पुष्कळ पाहिले असतील. राजीनामा, ‘दुसरीकडे बघणं’ हे विषय त्या भेटीत काढू नका. रविवारी येता का, हे तर अजिबात नको. कौतुकाच्या शेपटाला काम बांधलं की पुढच्या वेळी तुम्ही ‘मामा’ म्हटलंत तरी ते सावध होतील.

त्यांच्या हुद्द्याच्या माणसाला टाळ्यांपेक्षा अधिकार जास्त मोलाचा असतो. नवीन पार्टचं कोटेशन देण्याआधी ड्रॉइंग त्यांच्यासमोर ठेवा आणि पार्ट पकडणारं फिक्श्चर कसं ठेवायचं ते विचारा. सेटअप शीटवर ‘तयार करणार’ म्हणून त्यांचं नाव टाका. बेंगळुरूला इमटेक्स हे मशीन टूल्सचं प्रदर्शन भरतं, त्यातलं मेटल कटिंगचं एका वर्षाआड असतं. मालक आणि त्यांचे भाचे दरवेळी जातात, पुढच्या वेळी सेटरला पाठवा. संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूम या प्रशिक्षण संस्थेतला एखादा छोटा कोर्स, ते हो म्हणाले तर. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार असतो. मंडळाचा निधी तुम्ही जून-डिसेंबरला भरताच, तर अर्जाची चौकशी करा आणि कागद गोळा करायचं काम तुमच्या ऑफिसने करावं. पण त्यांना विचारूनच. ज्या माणसाला चारचौघांत उभं राहायचं नाही त्याला पुन्हा स्टेजवर ओढणं हा सन्मान नव्हे.

आता बाकीच्या ४१ जणांचं. इथे कामाचा भाग तुमच्याकडे कमी आणि सुपरवायझरकडे जास्त आहे. माणसाला कौतुक वाटतं ते त्याचं काम समजणाऱ्याने केलं तर, आणि काम घडल्यावर दोन-तीन दिवसांत केलं तर. महिनाअखेरीस एकदम केलेलं कौतुक शिळं झालेलं असतं. ‘छान काम, शाब्बास, असंच चालू ठेवा’ हे वाक्य कोणालाही, कधीही म्हणता येतं, म्हणून ते कोणाचंच नसतं. त्याऐवजी काय म्हणायचं ते बघा:

‘परवा दुसऱ्या पाळीत बोअर खालच्या मापाकडे सरकायला लागला तेव्हा तू मशीन थांबवलंस, इन्सर्ट बदललास आणि आधीचे चाळीस नग बाजूला काढून परत मोजलेस. त्यात सहा कमी मापाचे निघाले. ते पुढे गेले असते तर पूर्ण लॉट परत आला असता. तुझे त्या दिवसाचे नग कमी भरले ते यामुळे, हे मी रजिस्टरला लिहिलंय.’

काय केलं, कधी केलं, त्यामुळे काय टळलं किंवा मिळालं, आणि त्याला त्यात काय सोसावं लागलं. यातली शेवटची गोष्ट हमखास राहून जाते, आणि नेमकी तीच माणसाला लक्षात राहते. अशा वाक्याला ‘पण’ जोडू नका. ‘छान केलंस, पण हाउसकीपिंग बघ जरा’ म्हटलं की त्याला फक्त हाउसकीपिंग ऐकू येतं. सुधारणा सांगायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी, वेगळी सांगा.

सुपरवायझरांना हे आपोआप जमणार नाही. त्यांची बढती रागावता येतं म्हणून झालेली असते. प्रत्येकाला खिशात मावेल अशी वही द्या. पहिल्या पानावर त्यांच्या पाळीतल्या सगळ्यांची नावं, कंत्राटी आणि ट्रेनीसकट. काही विशेष दिसलं की नावापुढे तारीख आणि चार शब्द, एवढंच. महिन्याने वही घेऊन बसा आणि भरलेल्या ओळींपेक्षा रिकाम्या ओळी बघा. रिकामी ओळ म्हणजे तो माणूस काम करत नाही असं नव्हे. बहुतेक वेळा त्याच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं. पुढच्या आठवड्यात सुपरवायझरने त्या मशीनपाशी दहा मिनिटं उभं राहायचं, बस्स. ‘आठवड्याला तीन कौतुकं’ असा कोटा मात्र देऊ नका, तिसऱ्या आठवड्यात वही घरी बसून भरली जाईल.

पाळी सुरू होताना उभ्या-उभ्या दहा मिनिटांची मीटिंग घेत असाल तर सुरक्षा, कालचं रिजेक्शन आणि आजचा प्लॅन यांच्यात अशी एखादी नोंद वाचा. सांगण्यासारखं असेल त्याच दिवशी. नसेल तर थेट प्लॅनवर या, कोणी रुसत नाही.

तिसऱ्या पाळीला मालक फक्त भिंतीवरच्या फोटोतून माहीत असतात. पंधरवड्यातून एकदा सकाळी साडेसहाला या, सातच्या पाळीबदलाला थांबा, त्यांच्यासोबत चहा घ्या. तपासायला आल्यासारखं फिरू नका, आणि फोनवर बोलत तर नाहीच.

पैशांचं काय करायचं? सध्या बक्षिसाचे वर्षाला २४,००० आणि फोटो, फ्रेम, सर्टिफिकेट मिळून समजा सहा हजार, असे ३०,००० रुपये जातात. तेवढ्यातच भागेल. त्यातले १२,००० सूचनांसाठी ठेवा. अमलात आलेल्या प्रत्येक सूचनेला सरसकट २०० रुपयांचं कूपन, वर्षाला साठ सूचना धरून. सूचना मोठी असो की छोटी, रक्कम तीच. बचतीच्या टक्केवारीने द्यायला गेलात तर बचत किती झाली यावर अकाउंट्सशी वाद, आणि कल्पना आधी कोणाची यावर आपापसांत भांडण. कोडॅक कंपनीत १८९८ साली एका कामगाराला खिडक्या धुतल्या तर उजेड चांगला येईल एवढं सुचवल्याबद्दल दोन डॉलर मिळाले होते. सूचनेची पायरी एवढी खालची असली तरच लोक चढतात.

सूचनापेटी लावू नका, तिच्यात गुटख्याच्या पुड्या सापडतात. चिठ्ठी सुपरवायझरकडे द्यायची, तीन ओळींची: अडचण काय, करायचं काय, कुठल्या मशीनवर. लिहिता येत नसेल किंवा मराठी येत नसेल तर तोंडी सांगावं, सुपरवायझरने लिहून घ्यावं. सात दिवसांत उत्तर द्यायचंच, हो किंवा नाही, आणि नाही असेल तर कारणासह. अशा योजना बक्षीस कमी पडलं म्हणून क्वचितच मरतात. उत्तर आलं नाही म्हणून मरतात. शक्य तिथे बदल त्याच माणसाच्या हाताने करून घ्या आणि त्या फिक्श्चरवर किंवा ट्रॉलीवर त्याच्या नावाची छोटी पट्टी लावा. गेटवरच्या फोटोपेक्षा ती पट्टी जास्त टिकते. दोन-तीन जणांनी मिळून काही मोठं सोडवलं असेल तर क्वालिटी सर्कल फोरमच्या अधिवेशनांत (कामगारांचे गट आपण सोडवलेल्या अडचणी तिथे मांडतात) त्यांना स्वतःला मांडू द्या. स्लाइड तुम्ही बनवा हवं तर, बोलणार तेच.

साधारण १०,००० रुपये सामूहिक गोष्टीला. अवघड डिस्पॅच वेळेत गेला, ऑडिट नीट पार पडलं, की सगळ्यांना नाश्ता. माणशी ४० रुपये धरले तर ४२ जणांचे १,६८० होतात, वर्षातून सहा वेळा परवडतं. तिन्ही पाळ्यांना गरम मिळालं पाहिजे. पहिल्या पाळीला मिसळ आणि तिसरीला उरलेला पाव, असं झालं तर न दिलेलं बरं.

उरलेले ८,००० रुपये ५, १०, १५ वर्षं पूर्ण करणाऱ्यांसाठी. वर्षाला चार जण धरले तर प्रत्येकी २,००० ची वस्तू, आणि ती त्यांच्या घरच्यांनी निवडलेली: मिक्सर, कुकर, मुलाची दप्तर-पुस्तकं. कंपनीचं नाव छापलेलं भिंतीवरचं घड्याळ नको. वस्तू किंवा कूपन आणि रोख यांत कराच्या दृष्टीनेही फरक पडतो. भेटवस्तूला एका मर्यादेपर्यंत सूट असते, रोख रक्कम मात्र पगारातच धरली जाते. दर महिन्याला ठरावीक रोख दिलीत तर ती ईएसआय (कामगार विमा), पीएफच्या हिशेबात ओढली जाण्याचीही शक्यता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात आणि वेतनाची व्याख्या बदलली आहे, तेव्हा योजना कागदावर आणण्याआधी सीए आणि लेबर कन्सल्टंट दोघांना एकदा दाखवा.

कंत्राटी माणसांना यातून वगळू नका. कायम कामगारांना अर्धा किलो मिठाई आणि कंत्राटींना पाव किलो, अशा दोन आकारांच्या पुड्यांनी वर्षभराचं काम एका संध्याकाळी धुऊन निघतं. त्यांची रोख रक्कम ठेकेदाराच्या बिलातून द्या, शब्द तुमचे तुम्ही द्या. खंडेनवमीला मशीनची पूजा ज्याची मशीन त्याच्या हातून होऊ द्या, घरच्यांना बोलावू द्या. मुलांना बाबा कोणती मशीन चालवतात हे दिसतं. युपी-बिहारची मुलं असतील तर १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा त्यांना करू द्या. खर्च नारळ-पेढ्यांचा.

योजना बंद करताना गुपचूप फ्रेम काढू नका. या महिन्याच्या मीटिंगमध्ये स्वतः सांगा की निवड प्रॉडक्शनच्या आकड्यावर केली हे चुकलं, त्यात निम्म्या लोकांची कामं दिसतच नव्हती. ज्यांना मिळालं त्यांनी मेहनत केलीच होती, म्हणून त्यांचं सर्टिफिकेट त्यांचंच. फोटो त्यांना घरी न्यायला द्या, मिशा काढलेल्या फोटोची नवीन, स्वच्छ प्रिंट काढून. आधी वह्या सुरू करा, महिनाभराने सूचना, दिवाळीच्या आसपास नाश्ता आणि सेवावर्षांच्या भेटी. तिन्ही एकदम केलंत तर मॅडमचं नवीन खूळ म्हणतील, नव्याचे नऊ दिवस तुमच्याकडे एकदा होऊन गेलेत.

पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत नोंदलेलं रिजेक्शन वाढलेलं दिसेल. घाबरू नका आणि कोणाला झापू तर मुळीच नका. आधी ट्रॉलीच्या तळाशी होतं ते लाल बिनमध्ये यायला लागलंय. ग्राहकाकडून परत येणारा माल मात्र तीन-चार महिन्यांत कमी व्हायला हवा. तो आकडा हललाच नाही तर वह्या पुन्हा उघडा. सुपरवायझर अजून नग मोजणाऱ्यांचीच नावं लिहीत असण्याची शक्यता जास्त.

गेटजवळ रिकामी झालेली चौकट काढू नका. तिथे पुढच्या आठवड्याचं पाळ्यांचं वेळापत्रक शनिवारी दुपारी तीनच्या आत लावा. ते अजूनही रविवारी रात्री व्हॉट्सॲपवर जात असेल, तर सुट्टीचा बेत कोणालाच आखता येत नसणार.